चार लिंबे

जानेवारीतल्या एका सकाळी मी शेजारच्या बाईंकडे चार लिंबे मागितली आणि त्यांनी ती दिली नाहीत. घडले ते एवढेच. त्यांच्या परसातले झाड लिंबांनी इतके लगडले होते की खालच्या फांद्या जमिनीला टेकल्या होत्या, आणि आमच्या दोन घरांमधले लाकडी कुंपण जेमतेम खांद्याएवढे असल्यामुळे हात लांब केला असता तर दोन-तीन लिंबे मला माझ्या बाजूनेच तोडता आली असती. मी तसे केले नाही, रीतीने विचारले. त्यांनी हातातली झारी खाली ठेवली, क्षणभर झाडाकडे पाहिले आणि "माफ कर, पण ही मला तुला देता यायची नाहीत," असे म्हटले. त्यापुढेही त्या दोन-तीन वाक्ये बोलल्या. त्यांत नियम, कीड, खात्याची माणसे असे काहीतरी होते. पण "देता यायची नाहीत" हे शब्द कानावर पडल्यानंतरचे काही माझ्यापर्यंत नीट पोचलेच नाही. "काही हरकत नाही," म्हणून मी हसले, आत आले, आणि ओट्यावर काढून ठेवलेल्या किसणीकडे बराच वेळ पाहत उभी राहिले.

तो नकार इतका लागण्याचे एक कारण असे, की ती लिंबे ज्या पदार्थासाठी हवी होती तो पदार्थ मला त्यांनीच दिलेला होता. आम्ही कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला राहायला आलो त्या आठवड्यात, सामानाची खोकी अजून फोडायची होती आणि चहाची गाळणी कोणत्या खोक्यात आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते, तेव्हा त्या फॉइलने झाकलेला कुकींचा एक ट्रे घेऊन दारात उभ्या राहिल्या. फॉइल उचलताच आधी वास आला. लोण्याचा आणि व्हॅनिलाचा वास तर होताच, पण त्यावरून तरंगत येणारा सालीचा वास होता, लिंबाचा आणि संत्र्याचा एकत्र, ताजा, नाकात किंचित झोंबणारा. विदर्भातल्या वरूडला संत्र्याच्या बागेत वाढलेल्या माणसाला तो वास दारात भेटला, की ते दार परके राहत नाही. खाली फिकट सोनेरी, बोटभर जाडीचा थर होता. नानकटाईशी नाते सांगणारा, पण नानकटाईसारखा तोंडात भुगा न होता दाताखाली हळूच दबणारा. वर पांढऱ्या फ्रॉस्टिंगचा जवळजवळ तेवढाच जाड थर, आंबटगोड, गार, आणि त्यात पिवळे-केशरी बारीक ठिपके. या कुकी लाटत नाहीत, साच्याने कापत नाहीत, एकेक गोळा मांडत बसत नाहीत. सगळे पीठ एका पॅनमध्ये थापायचे, भाजायचे, गार झाल्यावर वर क्रीम चीजचे फ्रॉस्टिंग पसरायचे आणि सुरीने चौकोन पाडायचे. आपल्या भाषेत सांगायचे तर ही वडीच झाली. शाळेतल्या कार्यक्रमाला, चर्चच्या जेवणाला, नव्या शेजाऱ्याच्या दारात इथले लोक ती घेऊन जातात, कारण एका पॅनमध्ये चोवीस जणांचे भागते.

काही दिवसांनी मी कृती मागितली, तेव्हा त्यांनी एका जाड कार्डावर पेन्सिलीने ती लिहून दिली. लोण्याच्या दोन कांड्या, म्हणजे २२६ ग्रॅम. सव्वा कप साखर. एक अंडे आणि वर एक पिवळा बलक. पावणेतीन कप मैदा. एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, व्हॅनिला. ९ बाय १३ इंचांचे पॅन. ३५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १७७ अंश सेल्सिअस. वेळेपुढे त्यांनी "वीस मिनिटे" असे लिहून ते खोडले होते आणि त्याखाली दोन रेघा ओढून लिहिले होते: "झाले असे वाटण्याआधी बाहेर काढ."

हे एक वाक्य अंगवळणी पडायला मला जवळजवळ वर्ष लागले. आपल्या स्वयंपाकघरात भाजणे म्हणजे खमंग होईपर्यंत भाजणे; रवा असो, बेसन असो, शेंगदाणे असोत, रंग बदलल्याशिवाय आणि वास घरभर सुटल्याशिवाय हात थांबत नाही. इथे नेमका त्याच घटकेपूर्वी हात थांबवायचा असतो. कडा किंचित सोनेरी झाल्या आहेत, कडेने पॅनपासून केसभर सुटल्या आहेत, पण मधला भाग अजून फिकट, थोडा फुगीर आणि अगदी ओलसर नसला तरी ओलसर असावा असा भास देणारा आहे, त्या क्षणी पॅन बाहेर यायला हवे. धातूचे पॅन स्वतः तापलेले असते. बाहेर आल्यावरही ते आतले पीठ आणखी काही मिनिटे शिजवत राहते, आणि गार होता होता मधला भाग स्वतःच आळून येतो. ओव्हनमध्ये आणखी चार मिनिटे राहू दिले, तर दिसायला देखणे पण दुसऱ्या दिवशी दाताला कडक लागणारे काहीतरी हाती येते. माझी पहिली तीन पॅन तशी झाली. फोनवर आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "अगं, नारळाची वडी कढईत कडेने सुटायला लागली की आपण ताटात ओततो ना? तेव्हा ती कुठे वडी झालेली असते? ताटात होते ती." आईने आयुष्यात ओव्हन वापरलेला नाही, पण तिचे हे बोलणे ऐकल्यानंतर माझे एकही पॅन कडक झाले नाही.

मऊपणाची तयारी मात्र ओव्हनच्या बरीच आधी सुरू होते. लोणी मऊ हवे, वितळलेले नको. बोट दाबले तर खळगा पडावा, पण बोटाला तेलाची चकाकी लागू नये. असे लोणी साखरेबरोबर फेटले की साखरेचे टोकदार कण त्यात हवेच्या सूक्ष्म पोकळ्या पाडत जातात आणि पिवळट गोळ्याचा रंग हळूहळू पांढरा होऊ लागतो. मग अंडे, आणि त्यानंतर मैदा. मैदा पडला की आपली नेहमीची सवय सोडून द्यावी लागते. पोळीची कणीक आपण जितकी मळू तितकी चांगली, कारण तिथे चिवटपणाच हवा असतो. इथे मैद्याला ओल लागल्यावर जितके ढवळू तितका तो चिवट होतो, म्हणून कोरडे पीठ दिसेनासे झाले की चमचा बाजूला ठेवायचा. पीठ पॅनमध्ये थापताना मी हाताला थोडे लोणी लावते आणि वाटीच्या बुडाने ते सारखे करते. वाटीने थापण्याची रीत त्यांच्या कार्डावर नव्हती. ती वरूडची आहे.

लिंबे मी शेवटी दुकानातून आणली.

संक्रांतीच्या निमित्ताने इथल्या मराठी मंडळींचे हळदीकुंकू आणि जेवण होते, आणि तिळगुळाच्या ताटाशेजारी मुलांसाठी या वड्या ठेवायच्या असे मी कबूल केले होते. दुकानातले लिंबू सुंदर असते, एकाच आकाराचे, चकचकीत. पण त्या चकाकीत बऱ्याचदा मेणाचा हात असतो. साल वापरायची तर ते कोमट पाण्यात धरून ब्रशने घासावे लागते, मग फडक्याने कोरडे करावे लागते. इथे लिंबू म्हणजे जाड सालीचे, पिवळे, लांबट, आपल्याकडच्या ईडलिंबाच्या जवळचे. आपले कागदी लिंबू रसासाठी अजोड आहे, पण त्याची साल नावाप्रमाणे कागदाची. किसायला गेले की दोन ओढींत पांढरा, कडू भाग लागतो. नागपुरी संत्र्याचीही तीच अडचण, पण वेगळ्या कारणाने. त्याची साल सैल असते, फोडीपासून सुटलेली, म्हणून किसणीवर धरले की ती आत दबते आणि दात नीट लागत नाहीत. सोलायला जे फळ सर्वांत सोपे, तेच किसायला अवघड. नेव्हल संत्र्याची साल घट्ट बसलेली असते. ते किसणीसाठीच घडवले असावे असे वाटते. वासाचे तेल सालीच्या अगदी वरच्या रंगीत पापुद्र्यातल्या बारीक पिशव्यांत असते, त्यामुळे किसणी एका जागी एकदाच फिरवायची आणि फळ वळवायचे. आणि तो कीस थेट फ्रॉस्टिंगमध्ये न टाकता आधी मूठभर साखरेत घालून बोटांनी चोळायचा. दोन मिनिटांत साखर ओलसर होते, तिचा रंग फिकट पिवळा होतो, ती भिजल्या वाळूसारखी मुठीत धरली जाते, आणि पुढचे तासभर बोटांचा वास जात नाही.

फ्रॉस्टिंगविषयी थोडे सविस्तर सांगावेसे वाटते, कारण बहुतेकांचे तिथेच बिनसते. अमेरिकेतल्या क्रीम चीजची सुरुवात न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी, विल्यम लॉरेन्स या दूध व्यावसायिकाच्या डेअरीत १८७२ साली झाली असे सांगतात. 'फिलाडेल्फिया' हे नाव त्याला १८८० मध्ये मिळाले, तेही फिलाडेल्फियात न बनता. इथल्या नियमाप्रमाणे त्यात किमान ३३ टक्के दुधाचे स्निग्धांश असावे लागतात आणि पाणी ५५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे निम्म्याच्या आसपास पाणी, आणि ते पाणी नाजूकपणे धरून ठेवलेले. ज्या बाईने घरी श्रीखंड केले आहे तिला या पदार्थाचा स्वभाव लगेच कळतो. चक्का कितीही घट्ट बांधलेला असो, त्यात साखर मिसळली की थोड्याच वेळात तो सैल पडतो, कारण साखर त्यातले पाणी ओढून घेते; म्हणून चक्का आधी चांगला निथळावा लागतो. क्रीम चीजचेही तसेच. ते पिठीसाखरेबरोबर फार वेळ फेटले तर त्याची बांधणी मोडते, पाणी सुटते आणि फ्रॉस्टिंग ओघळू लागते. मग ते घट्ट करण्यासाठी माणूस आणखी साखर घालत जातो आणि शेवटी फक्त गोडी उरते. मी आता आधी लोण्याची एक कांडी आणि तीन कप पिठीसाखर, सालीच्या चोळलेल्या साखरेसकट, चांगली फेटून घेते आणि मग २२६ ग्रॅमचे क्रीम चीज थंडगार, तुकडे करून, शेवटी घालते आणि सारखे होताच थांबते. लिंबाचा रस एक चमचा, त्याहून जास्त कधीच नाही. आंबटपणासाठी रस आणि सुवासासाठी साल, ही वाटणी एकदा मनाशी पक्की केली की रसाचा मोह होत नाही.

हळदीकुंकवाला वड्या संपल्या. एका लहान मुलीने वरचे फ्रॉस्टिंग आधी चाटून घेतले आणि खालचा तुकडा आईच्या हातात दिला. दोघीतिघींनी कृती विचारली. मी तुकडा तोंडात घातला तेव्हा मला तो साधाच वाटला. साल होती, रंग होता, पण दारातल्या त्या पहिल्या वासाची सर नव्हती. परत येताना कुंपणापलीकडे रस्त्याच्या दिव्यात ते झाड दिसत होते आणि खाली पडलेली पाच-सहा लिंबे तशीच होती. पडून कुजू देतात, पण देत नाहीत, असा विचार माझ्या मनात आला. तो आला हे मला आजही बरे वाटत नाही, पण आला होता.

त्या रात्री मला आठवले ते वरूडचे, एका दिवाळीतले दिवस. आमची बाग फार मोठी नव्हती, पण आंबिया बहाराची फळे चांगली लागत. जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा यायचा तेव्हा रात्री अंगणात झोपलेल्या माणसाला तो वास जागे करत असे, आणि दिवाळीच्या सुमारास हिरव्या फळांवर पिवळी झाक येऊ लागे. मात्र त्याआधीच बाग विकलेली असायची. संत्र्याच्या पट्ट्यात ज्यांचे घर आहे त्यांना हे सांगायला नको. व्यापारी येतो, झाडांमधून फिरतो, फळांचा अंदाज घेतो, हजारीचा, म्हणजे हजार फळांचा, भाव ठरतो, इसार म्हणजे आगाऊ रक्कम हातात पडते, आणि त्या क्षणापासून झाड आपले असले तरी त्यावरचे फळ आपले राहत नाही. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा राखणदार बागेत खाट टाकतो. पाणी आम्ही द्यायचे, डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, दिसला तर खोड खरवडून मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट आम्ही लावायची, पण फळ तोडायचे नाही. बाबा या बाबतीत फार काटेकोर होते. घरात पाहुणे आले तर ते बाजारातून संत्री विकत आणत, आणि आई ती कापता कापता खिडकीतून बागेकडे पाहत असे.

मी तेव्हा अमरावतीला वसतिगृहात राहून शिकत होते. त्या वर्षी सुट्टीत एक मैत्रीण माझ्याबरोबर घरी आली. मुंबईची मुलगी, संत्रे झाडावर लागलेले तिने कधी पाहिले नव्हते. मी वर्षभर तिला बागेच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्यामुळे आम्ही पोचलो त्या संध्याकाळीच ती मला बागेत ओढत घेऊन गेली. एका झाडाखाली उभी राहून तिने एका फळाला तळहात लावला, तोडले नाही, फक्त तोलून पाहिले, आणि म्हणाली, "हे एक घेऊ?" मी काही बोलण्याआधीच खाटेवरून राखणदार काका उठून आले. मला लहानपणापासून ओळखणारा तो माणूस, पण आवाज कामाचा होता. "पोरी, एक बी फय तोडू नोको. मले शेठले हिशेब द्या लागते." मैत्रिणीने हात मागे घेतला. मी म्हटले, "ही फळे आता आमची नाहीत गं." ती "बरं" म्हणाली. सौदा काय असतो, इसार काय असतो, हे मी तिला त्या वेळी सांगितले नाही. बाबांना पैसे आधी का लागतात हे सांगावे लागेल, आणि ते सांगायची मला लाज वाटली. चार दिवसांनी परत निघताना वरूडच्या बसस्थानकाबाहेरच्या हातगाडीवरून तिने अर्धा डझन संत्री विकत घेतली. पिशवीतले पहिले फळ काढून तिने माझ्या हातात ठेवले आणि दुसरे स्वतःसाठी सोलायला घेतले. तिच्या मनात काहीही वावगे नसेल. पण अमरावती येईपर्यंत ते फळ मी सोलू शकले नाही.

म्हणजे कुंपणाच्या पलीकडे जिथे त्या बाई उभ्या होत्या, तिथे मी स्वतः एकदा उभी राहिलेली होते.

दुसऱ्या दिवशी उजेडात मी त्या झाडाकडे नीट पाहिले. मधल्या एका फांदीला किडी पकडायचे पिवळे, चिकट कार्ड टांगलेले होते. बाबाही बागेत कधीकधी असे काहीतरी लावत. आमच्या दाराच्या कडीला आठवड्याभरापूर्वी अडकवून गेलेला कागद मी न वाचता ड्रॉवरमध्ये टाकला होता, तो काढून वाचला. सिट्रस सायला नावाची दाण्याएवढीही नसलेली कीड आणि तिच्यामार्फत पसरणारा ग्रीनिंग रोग. हे शब्द मला नवे नव्हते. आमच्याकडच्या कृषी सहायकांच्या तोंडून मी ते ऐकलेले होते. नवे होते ते पुढचे. हा रोग फ्लोरिडात २००५ मध्ये, कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये आणि आमच्या रिव्हरसाइडमध्ये २०१७ मध्ये सापडला. त्यावर उपाय नाही; झाड हळूहळू जाते. म्हणून आमच्या भागात परसातल्या झाडाचे फळ, फांदी, पान आवाराबाहेर न्यायला बंदी आहे. फळ आवारातच खावे किंवा आवारातच त्याचे काही करावे, एवढीच मुभा. त्या बाईंनी मला हेच सांगितले होते. मी ऐकले नव्हते.

त्या शनिवारी मी मॅग्नोलिया आणि आर्लिंग्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर गेले. तिथे बिनबियांच्या वॉशिंग्टन नेव्हल संत्र्याचे मूळ झाड आहे. ब्राझीलमधल्या बाहियातून वॉशिंग्टनच्या कृषी खात्याकडे आलेल्या कलमांपैकी काही १८७३ मध्ये इलायझा टिबेट्स नावाच्या बाईंना मिळाली आणि त्यांनी ती आपल्या घरापाशी लावली. पाण्याची टंचाई होती, म्हणून त्या भांडी घासलेले पाणी झाडांना घालत, असे इथले लोक सांगतात. त्यांतले एक झाड अजून जिवंत आहे. या फळात बी नसल्यामुळे त्याची नवी झाडे डोळा भरून, म्हणजे फांदीवरची कळी दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवूनच करतात, आणि म्हणून कॅलिफोर्नियातल्या नेव्हलच्या बागा या झाडाच्या आणि त्याच्यासोबतच्या झाडांच्या डोळ्यांपासून झालेल्या आहेत. त्याची मुळे कुजू लागली तेव्हा, १९१८ साली, शेजारी नवी रोपे लावून ती त्याच्या खोडाला जोडली आणि त्यांच्या मुळांवर ते जगवले. आमच्या बागेतला डिंक्या ज्या बुरशीसारख्या जंतूच्या जातकुळीमुळे होतो, त्याच जातकुळीशी हे झाड शंभर वर्षांपूर्वी झुंजले होते, हे वाचून मला बाबांची आठवण झाली. आता ते झाड सायलापासून वाचवण्यासाठी बारीक जाळीच्या मांडवात ठेवले आहे. जाळीतून फळे दिसतात. मी बराच वेळ बाहेर उभी होते. रस्त्यावरच्या गाड्यांच्या धुरात फळाचा वास काही येत नव्हता.

परतल्यावर सरळ त्यांच्या दाराची घंटा वाजवली. मला काय बोलायचे ते ठरलेले नव्हते, पण मी काही बोलण्याआधी त्या म्हणाल्या, "बरे झाले आलीस. त्या दिवशी माझे पुरते ऐकून न घेताच गेलीस. लिंबे इथून बाहेर जाऊ शकत नाहीत, पण तुझे लोणी आणि साखर आत येऊ शकते." मी घरी जाऊन पॅन, लोणी, क्रीम चीज, पिठीसाखर घेऊन आले. त्यांच्या मोरीवरच्या खिडकीतून ते झाड समोरच दिसते. त्यांनी दोन मेयर लिंबे आणि परसाच्या टोकाच्या नेव्हलचे एक संत्रे आणून धुतले, पुसले आणि माझ्यापुढे ठेवले. मेयर लिंबू साध्या लिंबापेक्षा गोलसर, गुळगुळीत, पिकल्यावर केशरीकडे झुकणारे असते. आंबटपणा कमी आणि वास फुलासारखा. फ्रँक मेयर नावाच्या माणसाने इथल्या कृषी खात्यासाठी ते १९०८ मध्ये चीनमधून आणले. त्या मूळ वाणात लपून आलेल्या विषाणूमुळे इतर झाडांना धोका होऊ लागला, तेव्हा विषाणूमुक्त निवड शोधून १९७५ मध्ये ती लोकांना देण्यात आली. हे सगळे मला त्यांनीच सांगितले, सुरीने लोण्याचे तुकडे करता करता, जणू घरातल्याच कुणाच्या आजारपणाची हकिकत सांगत असाव्यात. त्यांचे झाड त्या निवडीतले आहे आणि ते त्यांच्या यजमानांनी लावलेले आहे.

किसणी त्यांची होती, लांबट, बारीक दातांची. प्रत्येक ओढीला खिडकीच्या उन्हात तेलाचा अगदी सूक्ष्म फवारा उडताना दिसत होता, आणि तोच तो वास, दारातला, संपूर्ण खोलीत भरत चालला होता. सालीचा कीस साखरेत घालून त्यांनी चोळायला सुरुवात केली, पण त्यांची बोटे सांध्यांशी सुजलेली आहेत, थोड्या वेळाने वाडगे माझ्याकडे सरकवून त्या म्हणाल्या, "तू कर, तुझ्या हातात जोर आहे." खालचा थर ओव्हनमध्ये असताना आम्ही दोघी दाराच्या काचेतून वाकून पाहत होतो. कडा सुटल्या. मधला भाग अजून फिकट होता. मी हातमोजे घातले, त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी मान हलवली आणि मी पॅन बाहेर काढले.

ते गार व्हायला तास तरी लागणार होता. त्या वेळात मी त्यांना विकलेल्या बागेची आणि मैत्रिणीची गोष्ट सांगितली. इसार, राखणदार, हातगाडी, सगळे. त्यांनी मध्ये एकदाही थांबवले नाही. शेवटी एवढेच विचारले, "मग तिला तू कधी सांगितलेस?"

मी सांगितलेले नव्हते. वीस वर्षांत नाही.

फ्रॉस्टिंग पसरताना त्यांनी मला रुंद सुरी दिली आणि स्वतः पॅन धरून ठेवले. थर अगदी कोपऱ्यापर्यंत गेला पाहिजे, कोपऱ्यातला तुकडाही कुणाच्या तरी वाट्याला येतोच, असे त्या म्हणाल्या. चौकोन पाडले, अर्ध्या वड्या त्यांच्यासाठी ताटात काढल्या, अर्ध्या पॅनमध्येच राहू दिल्या. किसून उघडी पडलेली पांढरी लिंबे आणि संत्रे त्यांनी पिळण्यासाठी फ्रिजमध्ये ठेवले. ती तिथेच राहणार होती. मी पॅनवर फॉइल बसवले, शाल अंगावर घेतली आणि मागच्या दाराने, झाडाखालून, निघाले. फाटकापाशी पोचते न पोचते तोच त्यांनी मला हाक मारून थांबवले. हळूहळू चालत जवळ आल्या, आणि माझ्या शालीच्या टोकाला अडकलेले लिंबाचे एक पान दोन बोटांनी सोडवून घेतले, उलटे करून त्याची मागची बाजू डोळ्यांजवळ धरून पाहिली, आणि एप्रनच्या खिशात ठेवून फाटक माझ्यासाठी उघडले.